तीन काड्या

प्रयागबाई चुलीपुढे बसायची ती आता कानात कापसाचे बोळे घालून. सुनेला वाटायचं, बुढीला थंडी बाधते. कामरगावची पूस महिन्यातली थंडी काही साधी नसते, म्हणून कोणी जास्त विचारलंही नाही. पण खरी गोष्ट अशी होती की चुलीवर लोखंड तापलं, मग तो तवा असो की सांडशी, प्रयागबाईला एक आवाज यायचा. रडण्याच्या आधी तान्हं लेकरू ओठ वाकडे करून, छाती भरून जो श्वास आत ओढतं, तेवढाच आवाज. त्याच्यामागून रडं यायला पाहिजे. ते यायचं नाही. प्रयागबाई भाकरीचा हात तसाच धरून थांबायची, भाकर करपून काळी व्हायची, सून नाक मुरडायची, अन् रडं काही यायचं नाही.

कापसाच्या बोळ्यांनी त्या आवाजाला काही फरक पडत नव्हता. पण काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

तीस वर्षं प्रयागबाई गावची लेकरं डागत आली होती. तान्ह्याचं पोट फुगलं, श्वासागणिक बरगडी उडायला लागली, की त्याला डबा झाला म्हणायचे, अन् डब्यावर इलाज एकच होता. सळई चुलीत लाल करायची अन् बेंबीच्या डाव्या बाजूला तीन चटके द्यायचे. सळई तिच्या सासूची. हातभर लांब, टोकाला जवारीच्या काडीएवढी बारीक. हे झालं दुखण्याचं. पण दुखणं येऊच नये म्हणून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वर्षभरात जन्मलेली सगळी लेकरं प्रयागबाईच्या ओट्यावर यायची. करीला कोणी शुभ काम करत नाही. हे काम बरोबर त्याच दिवसाला नेमून ठेवलं होतं, म्हणजे आत कुठंतरी गावाला ते काय आहे हे ठाऊक असावं.

प्रत्येक डागणारीची निशाणी वेगळी. मंगरूळच्या वाटेवरल्या वस्तीतली रुपाबाई गोल द्यायची, प्रयागबाईच्या तीन उभ्या काड्या. लेकरू वाढलं की काड्याही वाढायच्या. उन्हाळ्यात माणसं उघड्या अंगानं वखर हाणायची तेव्हा वावरभर तिच्या काड्या फिरताना दिसायच्या, अन् कोणी मेलं, आंघोळ घालायला अंगावरचं काढलं, की तिथंही त्या असायच्याच. प्रयागबाई मयतीला जायची अन् मेलेल्याच्या तोंडाआधी पोटाकडे बघायची. आपलं अक्षर ओळखावं तशी.

मागल्या श्रावणात केशरबाईनं पोर आणली. नऊ वर्षांच्या वाटेनंतर झालेली मुलगी, बारसं होऊन आठवडाच झाला होता. आजीचं नाव ठेवलं होतं, मनकर्णा. पोट तट्ट फुगलेलं. प्रयागबाईनं सळई लाल केली, केशरबाईनं पाय धरले, अन् प्रयागबाईनं पहिली काडी ओढली.

सगळी लेकरं पहिल्या काडीला रडतात. ही रडली नाही. तिनं श्वास आत ओढला, ओठ वाकडे केले, अन् तशीच बघत राहिली. प्रयागबाईनं दुसरी काडी ओढली, तिसरी ओढली. तीन दिवसांनी काड्या चिघळल्या, पाचव्या दिवशी पोर गेली.

पंधरा दिवसांनी केशरबाई नारळ अन् खण घेऊन ओट्यावर आली. म्हणाली, "तुमी तुमचं केलं, मावशी. तिचंच तेवढं होतं." पाया पडली अन् गेली. शिव्या दिल्या असत्या तर प्रयागबाईनं चार उलट दिल्या असत्या, अन् दोघी मोकळ्या झाल्या असत्या. नारळाला काय उत्तर देणार. तो नारळ तिनं फोडला नाही. फळीवर ठेवला, तो अजून तिथंच होता, आतलं पाणी आटून खडखड वाजत होता.

दिवाळीनंतर सून बेबीताई बाळंत झाली. मुलगा झाला. म्हणता म्हणता पूस आला, अन् एका सकाळी जगदेवनं, प्रयागबाईच्या लेकानं, दात घासता घासता विचारलं, "माय, परवा कर हाय. आपल्या बाळाले पयले घेशीन का गावाचे झाल्यावर?"

"त्याले मी नाई घेत."

"काहून?"

"नाई घेत. कोनालेच नाई घेत आता."

जगदेव चूळ भरून आला. "असं कसं? गावाले वाटन, सोताचा नातू आला तवा बुढीनं बरोबर वाचवला."

वाचवला हा शब्द त्याच्या तोंडून निघाला अन् त्यालाच कसातरी लागला.  मग आवाज चढवून म्हणाला, "तू नाई त मी रुपाबाईले आनतो. आपल्या घरात गोल निशानी येईन मंग. चालन तुले?"

बेबीताई दारात बाळाला घेऊन उभी होती. हळू म्हणाली, "आत्याबाई, याचं पोट कालपासून टमटम करून राह्यलं. दवाखान्याले कुलूप हाय. मी काय करू, तुमीच सांगा."

 दवाखान्याला खरंच कुलूप होतं. त्या हिवाळ्यात सरकारी नोकरदारांचा संप चालू होता, महिना होऊन गेला होता. अन् कुलूप नसतं तरी कोण जाणार होतं तिथं? नसबंदीच्या वर्षापासून दवाखान्याची जीप दिसली की माणसं तुरीच्या वावरात शिरायची ती जीप परत गेल्यावरच निघायची.

त्या दुपारी प्रयागबाई उठून बौद्ध वस्तीत भागिरथाकडे गेली. भागिरथा दवाखान्यात आया होती. संपावर होती, म्हणजे दिवसाआड एसटीनं मंगरूळला तहसीलपुढे जाऊन बसायची, अन् उरलेल्या दिवशी घरी कापूस निवडायची. प्रयागबाई तिच्या अंगणात जन्मात पहिल्यांदा आली होती. भागिरथानं बाज झटकली, पाणी दिलं. प्रयागबाई ते प्याली. दोघींनीही ती गोष्ट मनात नोंदली.

"तुमी तिथं जाऊन काय करता वं?" प्रयागबाईनं विचारलं.

"बसतो."

"अन्?"

"अन् काई नाई. आपलं जे म्हननं हाय ते समोर मांडाचं अन् बसाचं. लोकायले दिसलं पायजे."

"मले बी बसा लागते. उद्या, बाजारात. लेकरं डागू नका म्हनून."

भागिरथा कापसातून हात काढून तिच्याकडे बघत राहिली. "प्रयागबाई, तुमी?"

"हाव. मीच."

"आमाले ओट्याच्या खाली उभं ठेवत होत्या तुमी, ध्यानात हाय का? माही माय मले खालून वर देत होती. अन् तुमी हात न लागू देता डागत होत्या." तिनं पदर जरा सरकवला. तीन काड्या होत्या. "छप्पन साली आमी धम्म घेतला, तवापासून तुमच्या ओट्यावर कोनी आलं नाई. आमचे पोट्टे कोऱ्या पोटाचे हायत. गावाले वाटलं, एका वर्षात सारे मरतीन. मोजून पाह्यले का कधी?"

"मोजले," प्रयागबाई म्हणाली. अन् हे खरं होतं. श्रावणापासून ती तेच करत होती, बोटांच्या पेरांवर. "तुमचे जितके गेले तितकेच आमचे गेले. दोन जास्त आमचे."

भागिरथा उठली. नातवाच्या फुगलेल्या पोटाचंही तिनं विचारून घेतलं. डालड्याच्या डब्याचं झाकण आणलं अन् चुन्यानं त्याच्यावर लिहिलं, लेकरांना डागू नका. "याले टेकून बसा. अन् बेबीले सांगा, ती बाळगुटी बंद कर म्हना. दूध पाजलं की खांद्यावर घेऊन पाठ थोपट. पोटाले हात लावू नोको म्हना कोनाले." प्रयागबाई निघाली तेव्हा म्हणाली, "मी बी आली असती. पन मी बसली तर लोक म्हनतीन, सरकारनं बसवली. तुमी एकट्याच बऱ्या."

त्या वर्षी संक्रांत बाजाराच्या दिवशीच आली होती. प्रयागबाई सकाळीच चिंचेखाली जाऊन बसली, बोरंवालीच्या अन् बांगडीवाल्याच्या मधात. झाकण खोडाला टेकवलं. अन् भागिरथानं सांगितलं होतं तसं, आपलं जे म्हणणं होतं ते समोर मांडलं. फडकं पसरून त्यावर सळई ठेवली.

इथंच चुकलं. झाकणावरचं वाचणारे बाजारात पाच-सहा. सळई ओळखणारे सगळे.

अर्धा तास गेला नसेल, एक बाई लेकरू घेऊन समोर येऊन बसली. तिच्या मागे दुसरी. मग तिसरी, वाणाचं सामान काखेत मारून. प्रयागबाई काही म्हणायच्या आत बोरंवालीनं बाजारभर सांगूनही टाकलं की बुढीनं करीचं काम आजच बाजारात काढलं, खेड्यावरच्या बायांना दोन खेपा नको म्हणून. लई सोय केली, असं सगळ्यांचं मत पडलं.

"मी डागाले नाई बसली," प्रयागबाई म्हणाली. "डागू नका म्हनाले बसली."

"हाव हाव," पहिली बाई म्हणाली, अन् बाळाचं अंगडं वर केलं.

"अवं, ऐकून राह्यली का? नाई डागत."

"मंग लोखंड कायले आनलं?"

 तेवढ्यात हॉटेलवाला देवमन हात पुसत आला अन् त्यानं झाकण मोठ्यानं वाचलं. रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, सरकारी पाटी असन, बिचारीले धाक दिला असन. देवमननं विचारलं, "कोन लिवून देल्लं, मावशी? त्याचं नाव सांगा, आमी पाहून घेतो." म्हणजे लोक प्रयागबाईच्या बाजूनं उभे राहिले, अन् प्रयागबाई ज्या गोष्टीसाठी बसली होती तिच्याविरुद्ध. अशी वेळ संपवाल्यांवर आली नसेल.

रांग हलेना. लेकरं किरकिर करायला लागली. मग रांगेच्या मागून आवाज आला, "सरका वं, सरका. बुढीजवळ इस्तोच नाई त ती काय करन?"

केशरबाई होती. घरून शेगडी भरून आणली होती, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शेगडी, इंगळ लालभडक. तिनं ती हळूच प्रयागबाईपुढे उतरवली, फुंकर घातली, अन् सळईचं टोक आपल्या हातानं इंगळात सरकवलं. घरचं काम असावं तसं. "घ्या मावशी," म्हणाली. "आता होईन."

सळईचं टोक आधी काळं होतं, मग गुलाबी झालं. अन् प्रयागबाईला तो श्वास ऐकू आला. घरात चुलीपुढे यायचा त्याहून जवळ. बाजाराचा गलका तसाच चालू होता, बांगड्या वाजत होत्या, कोणी तुरीचा भाव ओरडत होतं, अन् त्याच्या आत एक तान्ही पोर छाती भरून थांबलेली होती.

"मी नाई डागत," ती म्हणाली. आवाज असा निघाला की पुढची बाई मागे सरकली.

आता माणसंही जमली होती. त्यांच्यात उकंडराव होता, चाळीस एकरवाला, फेटा, जाकीट. तो हसत म्हणाला, "प्रयागमाय, थकली त थकली म्हनाव. पन डागनं खराब हाय असं कायले म्हनते? मले नाई का डागलं तुह्या सासूनं? काय झालं मले?" त्यानं बंडी वर केली. चांगली खाल्लीपिली ढेरी, अन् तिच्यावर बोटबोट रुंद झालेल्या तीन काड्या. देवमननंही शर्ट वर केला. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता चिंचेखाली दहा-बारा पोटं उघडी पडली. गोरी, काळी, लोंबती, खपाटीला गेलेली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

प्रयागबाई हसली नाही. ती पोटांकडे बघत होती. दोन पोटांच्या मधात जिथं जागा सुटली होती, तिकडे तिची नजर जात होती.

"उकंडराव," ती म्हणाली, "तुले उकंड्या काहून म्हनतात रे?"

"हे काय आता. म्हाईत हाय सारायले. माह्या आधीचे वाचत नव्हते, म्हनून मायनं मले उकिरड्यावर लोळवून आनलं."

"कितीक होते आधीचे?"

"तीन."

"त्यायच्या पोटावर काय होतं?"

उकंडरावचा हात बंडीवरच राहिला.

"तू आला, पोट दाखवलं. ते तिघं कुठून येतीन दाखवाले? जे राह्यले तेच बाजारात येतात, बाबू."

 एक एक शर्ट खाली आला. उकंडरावनं बंडी सारखी केली, जाकिटाची गुंडी लावली, जी तो एरवी कधी लावत नसे.

इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण समोर केशरबाई होती, शेगडीला वारा घालत. प्रयागबाईला कळलं की आपण ज्यासाठी बसलो ते अजून म्हटलंच नाही.

"केशर," ती म्हणाली, "तुही मनकर्णा तिच्या नशिबानं नाई गेली. मी मारली तिले. पयल्या काडीलेच मले समजलं होतं. ती रडली नाई. मी तरी दोन वढल्या, काहून का तीन द्याच्या असतात."

केशरबाईचा वारा घालणारा हात थांबला. ती कितीतरी वेळ प्रयागबाईकडे बघत राहिली, ओळखीचं माणूस परगावात भेटावं तशी. मग तिनं पदर हाताला गुंडाळला, शेगडी उचलली, सळई तशीच आत, अन् चुंबळ न घेता, दोन्ही हातांनी छातीशी धरून गर्दीतून निघून गेली. लोकांनी वाट करून दिली.

रांग मोडली. बाया लेकरं घेऊन गेल्या, कोणी मान खाली घालून, कोणी बडबडत. प्रयागबाई सळईशिवाय फडक्यापुढे बाजार उठेपर्यंत बसून राहिली. झाकण घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी कर. ओटा शेणानं सारवलेला, अन् रिकामा. जगदेव पहाटेच सायकलीवर गेला होता, तो सूर्य वर आल्यावर रुपाबाईला घेऊन आला. रुपाबाईनं ओट्यावर बसून चहा घेतला, प्रयागबाईला रामराम केला. दोघींचं वैर जुनं होतं अन् त्यात मायाही होती. "थकली का वं?" तिनं विचारलं. "होते असं. मले बी होईन." पिशवीतून तिनं आपली बांगडीच्या आकाराची कडी काढली. "आन वं बेबे, लेकरू."

बेबीताई सासूकडे बघायला लागली. रात्रभर तिनं बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली होती. पोट जरा उतरलं होतं, जरा नव्हतं. उतरलं असंही कोणी म्हणू शकलं असतं, अन् नाही असंही. जगदेव चुलीला लाकडं लावायला लागला.

तेव्हा केशरबाई आली. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले. ओट्याची पायरी चढली, सरळ बेबीताईपुढे उभी राहिली अन् हात पुढे केले. लेकरू गेलेल्या बाईनं लेकरू मागितलं तर नाही म्हणता येत नाही. बेबीताईनं दिलं.

केशरबाई ओट्यावर मांडी घालून बसली, बरोबर तिथंच, जिथं श्रावणात पाय धरून बसली होती. बाळाला मांडीवर आडवं घेतलं. अंगडं वर केलं. कोरं पोट बघितलं. मग त्यावर आपला तळहात ठेवला, बेंबीच्या डाव्या बाजूला, अन् तशीच बसली.

रुपाबाई कडी तापवून आली. "हात काढ, बाई," ती म्हणाली.

केशरबाईनं ऐकलं नाही की ऐकूनही हात काढला नाही, ते कळलं नाही.  रुपाबाईनं जगदेवकडे बघितलं. जगदेव पुढे झाला, "वहिनी," म्हणाला, अन् परत चुलीपाशी गेला. कडी थंड झाली. रुपाबाईनं पुन्हा तापवली. पुन्हा थंड झाली. ओट्याखाली शेजारच्या बाया जमल्या, काहींच्या कडेवर लेकरं होती. त्या उभ्या राहिल्या, मग बसल्या. तो हात लोखंडानं सरकवायचा तर आधी केशरबाईला डागावं लागलं असतं, अन् तेवढं धैर्य रुपाबाईजवळ नव्हतं.

दुपार कलली. रुपाबाईनं जेवून घेतलं, कडी पिशवीत टाकली अन् म्हणाली, "जगदेव, मले सोडून दे बापा. हे काई आज होत नाई."

ती गेल्यावर केशरबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. प्रयागबाईकडे न बघता बोलली. "कालच्यापासून मले झोप नाई. त्याच्या आधी मले झोप येत होती, मावशी."

प्रयागबाईनं मान हलवली. सळईबद्दल विचारावं असं तिला वाटलं, पण विचारलं नाही. ती कुठं गेली ते गावात पुढेही कोणाला कळलं नाही.

बाळ जागं झालं. भूक लागली होती. त्यानं ओठ वाकडे केले, छाती भरून श्वास आत ओढला. प्रयागबाईचे हात मांडीवर होते तिथंच आखडले. अन् बाळ रडलं. चांगलं, कानठळ्या बसतील असं, पाय झाडत रडलं. केशरबाईनं हात उचलला, त्याला बेबीताईच्या ओटीत दिलं अन् पायरी उतरून गेली. तिच्या तळहाताचा घाम बाळाच्या कोऱ्या पोटावर थोडा वेळ चमकत होता.

प्रयागबाईनं कानातले बोळे काढून ओट्याखाली टाकले. नातू रडत होता, ते ऐकत बसली. हे रडं याचं होतं. त्या पोरीचं अजून यायचंच होतं.